भाड्याच्या घराची जमीन

गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी सहज म्हणून भेटावयास आला. त्याचें औषधांचें दुकान आहे आणि पुण्याच्या एका उपनगरांत भाड्यानें देण्यासाठीं त्यानें दोन सदनिका घेतल्या आहेत. चहा झाल्यावर तो हळूच मुद्द्यावर आला. "सर, हल्लीं भाडेकरू येतात ते बरोबर कुत्रें नाहीं तर मांजर घेऊन येतात. नाहीं म्हणावें तर जागा रिकामी राहते, हो म्हणावें तर जमिनीची वाट लागते. तुम्हीच सांगा, खालीं काय घालूं?"

मीं आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. फरशीच्या बाबतींत माझें मत कोणी विचारील असें स्वप्नांतही आलें नव्हतें. मीं त्याला म्हटलें, "अरे, मला दरपत्रकांतलें कांहीं कळत नाहीं. पण मागच्या लोकांनीं काय घातलें आणि कां घातलें तें सांगतों. त्यांतून तुला घेण्यासारखें असेल तें घे." श्रोतेहो, त्या दिवशीं त्याला जें सांगितलें तेंच आज थोडें नीट लावून आपणांपुढें ठेवीत आहें.

घरांत पायांखालीं जें असतें त्याला मराठींत आपण अद्याप ‘जमीन’च म्हणतों. चौथ्या मजल्यावर राहणारी गृहिणीही ‘जमीन पुसून घेतली’ असें म्हणते. अर्धा इतिहास या एका शब्दांत आहे. कारण कालपरवांपर्यंत घराची जमीन ही खरोखरीचीच जमीन होती. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ सालापासून सुमारें पंधरा वर्षें उत्खनन केलें. तेथें सांपडलेलीं घरें तीन हजार वर्षांमागचीं आहेत आणि त्यांच्या जमिनी चोपलेल्या मातीच्या आहेत. माझ्या आजोळच्या घराची जमीनही मातीचीच होती. मुरूम पसरावा, पाणी शिंपडावें, धुमसानें ठोकावें, चोपण्यानें चोपावें आणि वरून शेणानें सारवावें. या कामाची मूळ रीत इतक्या काळांत फारशी बदलली नसावी.

अशा घरांत जनावर हा कांहीं पाहुणा नसे. वासरूं ओसरीवर, मांजर चुलीच्या उबेला, कुत्रा उंबऱ्याशीं आणि कोंबड्या परसांतून थेट सैंपाकघरांत. जमीन त्यांच्यामुळें मळत नसे असें नाहीं. ती मळे, उखणे, तिचे पोपडे निघत. परंतु मांजरानें कोपरा घाण केला तर तेथली मूठभर माती खरवडून टाकावी, नवी माती दाबावी, वर सारवणाचा हात फिरवावा, कीं झालें. सकाळीं ज्या बाईच्या तें दृष्टीस पडे तीच दुपारच्या आंत तें बुजवून मोकळी होई. पुण्याच्या वाड्यांतून बिऱ्हाडें भाड्यानें राहत, तेथेंही सारवणाचें काम बिऱ्हाडकरणीचेंच. त्यासाठीं मालकाची परवानगी नको आणि मालकाला एक पैचा खर्चही नाहीं. जें बिघडलें तें राहणाऱ्याला स्वतःच्या हातानें नीट करतां यावें, एवढाच टिकाऊपणाचा त्या काळीं अर्थ होता. पुढील सारा इतिहास हा अर्थ कसा पालटत गेला याचा आहे, असें मला वाटतें.

या जमिनीचे गोडवे गाणारे लोक अलीकडे पुष्कळ भेटतात. त्यांनीं आधीं एकदां ओणवें होऊन दोन खण सारवून पाहावें. माझ्या आईचे गुडघे त्या सारवणानें कायमचे धरले होते. तेव्हां ती जमीन गेली याचें मला दुःख नाहीं. तिच्याबरोबर आणखी काय गेलें तें मात्र पाहण्यासारखें आहे.

दगडाची फरशी आपल्याकडे देवळांत, घाटांवर आणि श्रीमंतांच्या वाड्यांत होतीच. पण आपला काळा दगड घडवावा लागतो, आणि घडाई साधारण माणसाच्या आटोक्याबाहेरची. साधारण माणसाच्या घरांत दगड आणला तो आगगाडीनें. १८६३ सालीं भोर घाटांतून गाडी सुरू झाली आणि १८७१ सालीं हा लोहमार्ग रायचूरपर्यंत पोंचला. त्याच मार्गावर, सोलापूरच्या पुढें, तेव्हांच्या निजामाच्या मुलुखांत शहाबाद हें गांव आहे. आज तें कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यांत येतें. तेथील चुनखडीचा दगड निसर्गानेंच थरांथरांनीं रचून ठेवला आहे. पहार घातली कीं वहीचीं पानें सुटावीं तसे त्याचे सपाट तक्ते सुटतात. घडाई जवळजवळ नाहीं आणि वाहतूक गाडीनें. मग काय, मुंबई, पुणें, सोलापूर, जेथें जेथें गाडी गेली तेथें तेथें ‘शहाबादी’ गेली. त्या दगडाला त्याच्या स्टेशनाचें नांव मिळालें, यांत आश्चर्य नाहीं.

येथें एक शास्त्रीय गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कुत्र्यांवर एक आळ उगीचच येतो. फ्रेडरिक मोस या जर्मन शास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी लावून दिली. तींत माणसाचें नख सुमारें अडीच धरतात, चुनखडीचें मुख्य खनिज कॅल्साइट तीनवर आहे, आणि वाळूचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, सातवर. कुत्र्याचें नख आपल्या नखाच्याच द्रव्याचें असतें. तेव्हां नुसत्या नखानें शहाबादीवरही ओरखडा उठणें कठीण. ओरखडा उठतो तो पंजाला चिकटून आलेल्या वाळूनें, आणि तीच वाळू आपल्या चपलांनाही चिकटलेली असते. दाराशीं पायपुसणें ठेवावें आणि फिरून आलेल्या कुत्र्याचे पाय ओल्या फडक्यानें पुसावे, हा उपाय कोणत्याही महागड्या फरशीपेक्षां स्वस्त आहे.

शहाबादीचा खरा शत्रु निराळाच. चुनखडीला आम्ल सोसत नाहीं. लिंबू सांडलें, चिंच सांडली, कीं तेथें पांढरट, खडबडीत डाग पडतो आणि तो धुतल्यानें जात नाहीं. शिवाय हा दगड थोडें पाणी पितो आणि त्याचे सांधे त्याहून अधिक पितात. जनावराचें मूत्र सांध्यांत मुरलें कीं त्यांतील युरियाचा अमोनिया होतो आणि पावसाळी हवेंत तो वास पुन्हां जागा होतो. यावर पुष्कळ लोक बाजारांतलें ॲसिड ओततात. वास तर राहतोच आणि दगड मात्र करपतो. तरीही शहाबादीचा एक गुण मातीच्या जमिनीच्या कुळांतला होता. एक फरशी फुटली किंवा डागाळली तर गवंड्यानें तेवढीच उचलावी, उलटी करून अथवा दुसरी आणून बसवावी. शेजारची फरशी तिला परकी म्हणत नसे. निम्मी दुरुस्ती अजून राहणाऱ्याच्या हातांत होती.

जमीन आणि जनावर यांचा संबंध एकदां फार भयंकर रीतीनें जोडला गेला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, उघडकीस आला; डॉ. अकॅशिओ व्हिएगास यांनीं तो ओळखला. पुढल्या वर्षीं पुण्यांत रँडसाहेबाच्या अंमलांत घरें कशीं झडलीं हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या धामधुमींत कित्येक घरांच्या जमिनी उकरून काढल्या गेल्या, कारण रोगाचें विष मातींत राहतें असा समज होता. खरें कारण १८९८ सालीं कराची येथें पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें दाखवून दिलें: रोग उंदरांचा, आणि तो माणसांपर्यंत पोंचवणाऱ्या त्यांच्या अंगावरील पिसवा. मातीची जमीन निर्दोष सुटली असें मात्र नाहीं. उंदीर बीळ करतात तें मातींतच. त्याच १८९८ सालीं मुंबईंत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढें १९२० सालीं निघालेल्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. भाडेकरूच्या पायांखालीं काय असावें हें सरकारी नकाशावर ठरूं लागलें, तें या काळापासून. आरोग्याच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. परंतु ज्या जमिनींत उंदराला बीळ करतां येत नाहीं, तिच्यांत गृहिणीलाही हात घालतां येत नाहीं.

श्रीमंत भाडेकरूंसाठीं याच सुमारास निराळी तजवीज होत होती. विलायतेहून येणाऱ्या मिंटनच्या नक्षीदार लाद्या मुंबईच्या मोठ्या इमारतींतून बसल्या होत्या. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहांत त्या आजही पाहावयास मिळतात. मातीच्या त्या लाद्या भट्टींत भाजलेल्या आणि परदेशी. १९२२ सालीं फिरोजशा व रुस्तम सिधवा यांनीं ‘भारत’ या नांवानें सिमेंटच्या लाद्यांचा कारखाना काढला. नांवावरूनच हेतु कळतो. ही लादी भाजीत नाहींत. साच्यांत प्रथम रंगीत सिमेंटचा पातळ थर ओततात, त्यावर सिमेंट-वाळूचें जाड पाठबळ देतात, यंत्रानें दाबतात आणि मग पाण्यांत मुरूं देतात. रंग वरवरचा नसल्यानें तो पुष्कळ वर्षें झिजला तरी पुसला जात नाहीं. ओव्हल मैदानाभोंवतीं आणि मरीन ड्राइव्हवर १९३० नंतर ज्या इमारती उठल्या आणि ज्यांना २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांपैकीं कितीतरी मुळांत भाड्यानें देण्यासाठींच बांधलेल्या होत्या.

अशा जुन्या भाड्याच्या घरांतून मूळच्या लाद्या अजून दिसतात, तें कांहीं केवळ मालाच्या चांगुलपणानें नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें बहुतेक जुन्या जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० रोजीं असेल त्याच आंकड्याशीं बांधून टाकलें. भाडें वाढत नाहीं तर मालक नवी लादी कशाला घालील? आणि भाडेकरू घर सोडीत नाहीं, तेव्हां कुत्र्यानें काय केलें याचा हिशेब तरी कोण मागणार? त्या लाद्यांवर कुत्र्या-मांजरांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. कायद्यानें मालकांचें पुष्कळ नुकसान केलें, इमारती मोडकळीस आल्या, हें खरें आहे. पण जमिनीच्या बाबतींत भाडेकरू इतका निर्धास्त त्याच्या आधींही नव्हता आणि नंतरही झाला नाहीं. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. पण तोंपर्यंत नवीं घरें अकरा महिन्यांच्या करारावर जाऊं लागलीं होतीं.

कोब्याविषयीं थोडक्यांत सांगतों. सबंध खोलीभर सिमेंटचा एकच थर, वर लाल किंवा हिरवा रंग घोटून चकाकी आणलेली. दिसावयास सुंदर, पायाला गार, सांधा नाहीं म्हणून वास मुरण्यास जागा नाहीं. पण एकदां तडा गेला कीं ठिगळ जन्मभर ओळखूं येतें. मोझॅकची लादी याच सिमेंटांत संगमरवराच्या चिपा घालून केलेली. तिलाही आम्लाचें वावडें आहे, आणि डाग पडला तर यंत्र लावून सगळी खोली घासावी लागते. भर वस्तींत तें यंत्र चालतें तेव्हां शेजारधर्माची परीक्षा होते.

नव्वदीच्या दशकांत आपल्याकडे काचेसारखी घट्ट भाजलेली, ‘व्हिट्रिफाइड’ नांवाची लादी आली. आज तिचें मोठें आगर गुजराथेंतील मोरबी हें आहे. सुमारें बाराशें अंश उष्णतेंत भाजल्यामुळें मातीचे कण वितळून एकजीव होतात. शंभर भाग वजनाला अर्ध्या भागाहून अधिक पाणी ती शोषीत नाहीं. लिंबू नाहीं, मूत्र नाहीं, नख नाहीं. तिच्यावर कशाचाच परिणाम होत नाहीं. घरमालकाच्या मनांतील जमीन शेवटीं बाजारांत आली, असें म्हणावयास हरकत नाहीं. दोन गोष्टी मात्र दुकानदार सांगत नाहीं. पहिली ही कीं तिचे रंग व नक्षी भराभर बदलतात. पांच वर्षांनीं एक लादी फुटली तर तिची जोड मिळत नाहीं आणि सबंध खोली बदलण्याची पाळी येते. दुसरी गोष्ट मला माझ्या कुत्र्यानें शिकवली.

आमची जुनी इमारत पाडून नवी बांधावयाची ठरली, तेव्हां आम्ही उभयतां दोन वर्षें एका भाड्याच्या सदनिकेंत राहिलों. बरोबर खंड्या होता, वय वर्षें बारा. दिवाणखान्यांत आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड लादी, आणि झोपण्याच्या एका खोलींत मालकानें हौसेनें लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटच्या पट्ट्या घातलेल्या. पहिल्याच दिवशीं खंड्या दिवाणखान्यांत चार पाय चार दिशांना होऊन पोटावर पडला. त्याच्या तळव्यांना तेथें धरावयास कांहींच नव्हतें. तो उठे, घसरे, पुन्हां उठे. आठ दिवसांत त्यानें दिवाणखान्यांत पाऊल टाकणें सोडलें आणि लाकडी खोलीच्या दारापाशीं मुक्काम ठोकला, कारण तेथें त्याला उभें राहतां येत होतें. त्याचें पाण्याचें भांडें आम्ही तेथेंच ठेवलें. लॅमिनेटच्या पोटांत लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी असते. सांध्यांतून पाणी गेलें कीं ती फुगते आणि मग बसत नाहीं. दोन वर्षांनीं आम्ही जागा सोडली तेव्हां सात-आठ पट्ट्यांच्या कडा उचलल्या होत्या. मालकानें त्या खोलीसाठीं चाळीस हजारांची सगळी अनामत ठेवून घेतली. तसल्या पट्ट्या आतां मिळत नाहींत, म्हणून सगळी खोली नवी करावी लागेल, असें त्याचें म्हणणें. तें खोटें नव्हतें. पाण्याचें भांडें तेथें ठेवणें ही चूक माझीच होती, हेंही मी कबूल करतों. परंतु वर्षभर ज्या दिवाणखान्यांत माझा म्हातारा कुत्रा चालूं शकला नाहीं, त्याची नोंद कोठल्या रकान्यांत करावयाची हें मला कोणी सांगितलें नाहीं.

कायदा याविषयीं अगदींच मुका नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमांत असें म्हटलें आहे कीं भाडेकरूनें जागा मिळाली त्या स्थितींत परत करावी. मात्र वाजवी वापरानें होणारी झीज त्यांतून वगळावी. आजचा अकरा महिन्यांचा करार हा त्या अर्थानें भाडेपट्टा नव्हे, तो नुसता परवाना होय. तरीही झिजेचें तें वाक्य करारांत बहुधा उतरलेलें असतें. वाजवी झीज कोणती आणि नुकसान कोणतें, एवढें मात्र तेथें लिहिलेलें नसतें. भारतीय पशुकल्याण मंडळानें २०१५ सालीं स्पष्ट केलें आहे कीं गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेंही पाळीव जनावरांवर बंदी घालतां येत नाहीं. तें संस्थेपुरतें झालें. मालक आणि भाडेकरू यांच्यामध्यें शेवटीं कागद बोलतो.

माझ्या विद्यार्थ्याला मीं हें सारें सांगितलें. तो मुकाट्यानें ऐकत होता. शाळेंत असतां त्यानें इतकें कधीं ऐकलें नव्हतें. मग म्हणाला, "सर, मग घालूं काय?"

मीं म्हटलें, व्हिट्रिफाइडच घाल, पण चकचकीत नको. खरखरीत पृष्ठाची घे, ओल्या पायानें उभें राहून पाहा आणि मग पैसे दे. सांधे साध्या सिमेंटनें भरूं नकोस, इपॉक्सीनें भर, म्हणजे मूत्र मुरणार नाहीं. लाकडाच्या पट्ट्यांच्या नादीं लागूं नकोस. सैंपाकघराच्या मागल्या गॅलरींत शहाबादी किंवा कोटा घाल. उन्हाळ्यांत जनावर तेथेंच जाऊन पडेल. पण ती बिनपालिशची असूं दे आणि तिच्यावर ॲसिड टाकूं नये असें भाडेकरूला बजावून सांग. मांजर असेल त्या घरीं काळें फिनाइल वापरूं देऊं नकोस; त्यांतील द्रव्य मांजराच्या यकृताला पचवतां येत नाहीं आणि तें पंजे चाटून मरतें. मूत्रावर ब्लीचिंगचें पाणी ओतूं नये, विषारी वायु होतो. आधीं साध्या पाण्यानें धुवावें. भाडेकरूनें जाजम, सतरंजी, रबरी पाठीचे पट्टे अंथरले तर अंथरूं दे, पण चिकटवूं देऊं नकोस. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थानें १८६३ सालीं जवसाचें तेल आणि बुचाचा भुसा यांचें लिनोलियम काढलें, तेव्हांपासून गुंडाळून नेण्यासारखी जमीन भाडेकरूला मिळतेच आहे. आज तिची जागा प्लॅस्टिकच्या विनाइलनें घेतली आहे, एवढाच फरक.

आणि करारांत लिही, कीं पंजाचे बारीक ओरखडे ही झीज समजली जाईल, फुटलेली लादी हें नुकसान समजलें जाईल, आणि नुकसान म्हणजे त्या एका लादीची किंमत, खोलीची नव्हे. हें लिहावयाचें तर जोडीच्या लाद्या तुझ्यापाशीं असल्या पाहिजेत. म्हणून खरेदीच्या वेळींच कांहीं पेट्या जास्त घे आणि माळ्यावर ठेव.

"माळ्यावर फुकट जागा अडेल, सर," तो म्हणाला.

मीं त्याला माझी चाळीस हजारांची पावती दाखवली. ती मी अजून जपून ठेवली आहे, खंड्याच्या पट्ट्याबरोबर.

श्रावणांत त्याचा फोन आला. खरखरीत लादी घेतली होती. पहिला भाडेकरू म्हणून एक तरुण जोडपें आलें होतें, त्यांच्याबरोबर दोन मांजरें आणि एक रस्त्यावरून उचललेली तीन पायांची कुत्री. "सर, ती सगळ्या घरभर पळते," असें तो म्हणाला, आणि मग जास्तीच्या दोन पेट्या पुरतील कां चार घेऊं, असें त्यानें विचारलें. मीं चार सांगितल्या.